राखणदाराचा चहा

आमच्या घराच्या पायऱ्या परत आलेल्या चिऱ्यांच्या होत्या. परसातला गडगा त्याच चिऱ्यांचा, गोठ्याची मागची भिंत त्याच चिऱ्यांची, आणि आई ज्यावर भांडी घासायची तो दगडही त्यातलाच.

बाबा चिरेखाणीत चिरे काढत. रत्नागिरी शहर खाली बंदराकडे आणि आमची वाडी वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, कडेला. तिथून समुद्र दिसायचा, पण उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला पाणी दिसायचं नाही. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो. ऊन-वारा लागला की कडक होत जातो. म्हणून कोन धरायचा तो काढतानाच. वाकडा सुटलेला चिरा नंतर कोणाच्या बापाला सरळ होत नाही. बाबांचा चिरा एके काळी साबणाच्या वडीसारखा निघायचा, असं आई सांगे. मी शाळेत जायला लागलो तोवर ते दिवस गेले होते. सकाळी बाबांचे हात थरथरत. हात थांबावेत म्हणून बाबा थोडी दारू घेत. थोडीने हात थांबत, पण मग डोळा चुके. शहरातला गवंडी चिरा उलटसुलट करून बघे, कोन तपासायचा गुण्या लावे आणि गाडीवानाला म्हणे, ने परत.

परत आलेला चिरा फेकून देववत नाही. आई तो कुठे ना कुठे लावून टाकी. त्यामुळे वाडीत आमच्याइतकं दगडी काम कोणाच्याच घराला नव्हतं. नवा पाहुणा आला की पायऱ्या चढता चढता म्हणे, घर भक्कम आहे हो तुमचं. आत चुलीवर पेज असे, आणि तीही पातळ. आई लोकांच्या लावणीला जाई, गवताचे भारे वाही, आणि ते नसलं की खाणीवर डोक्याने चिरे वाही. मुंबईला गिरणीत असलेल्या माझ्या काकांनी एकदा आम्हाला घोंगडी पाठवली, ती थंडी सुरू होण्याआधीच दारूपायी घरातून गेली. त्यानंतर काकांनी काही पाठवणं बंद केलं. त्यांनी आणलेला जुना सदरा मात्र आई दरवर्षी उसवून पुन्हा शिवत असे, आणि तो घालून मी खाली हायस्कुलात जात असे.

हे सगळं मी सांगतोय ते रडायला म्हणून नाही. आमच्या वाडीत माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे सोडाच, मॅट्रिकपर्यंतही गेलं नव्हतं. मी गेलो, बी.ए. झालो, आणि याचा मला अभिमान आहे. पण त्याचं कारण विचारलं तर लोकांना वाटतं मी हुशार होतो. कारण वेगळंच होतं. कारण चहा होता.

बाबा मनाने वाईट नव्हते. दारू सोडायची त्यांनाही होती. दोनदा त्यांनी गावदेवीसमोर नारळ ठेवून शपथ घेतली आणि दोन्ही वेळा महिनोन्‌महिने पाळली. दोन्ही वेळा ती मोडली एकाच ठिकाणी: आमच्या मळ्याच्या बांधावर, किंजळाच्या झाडाखाली, राखणदाराच्या दगडापाशी.

आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. तो शेताची, गुरांची, पोराबाळांची राखण करतो, आणि वर्षातून एकदा, भात झोडून झालं की, त्याला त्याचं द्यायचं असतं. त्यालाही राखणच म्हणतात. कोंबडा, नारळ, विडी आणि दारू. घरातल्या थोरल्या पुरुषाने दगडावर धार धरायची, उरलेल्यातला पहिला घोट तीर्थ म्हणून आपण घ्यायचा, मग बाकीच्यांना वाटायचं. हा मान दुसऱ्याला देता येत नाही. आमच्या घरात थोरले बाबाच.

पहिल्या वेळी बाबांनी तीर्थ घेऊ नये म्हणून आई आदल्या दिवसापासून मागे लागली होती. पण वाडीचे म्हातारे, बाबांचे चुलत चुलते, मी त्यांना आजोबा म्हणायचो, ते म्हणाले की शपथ दारूची आहे, तीर्थाची नाही. यात कोणाला काही खोटं वाटलं नाही. बाबांना वाटलं नाही, मलाही वाटलं नाही. देवाला वाहिली की ती दारू राहत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक होतं. फक्त बाबांच्या पोटाला ते ठाऊक नव्हतं. त्या एका घोटाने पुढचं वर्ष गेलं. दुसऱ्या वेळीही तसंच. आजोबांचा हेतू वाईट नव्हता. ते राखणदाराला खरोखर घाबरत.

तिसरी वेळ आली ती एका शिमग्यानंतर. मी मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होतो. संध्याकाळी चिऱ्यांची गाडी परत आली. गाडीवानाने आधी चिरे उतरवले. मग चिऱ्यांच्या मागे पेंढ्यावर पडलेल्या बाबांना दोन्ही काखांत हात घालून उतरवलं, पायरीला टेकून बसवलं आणि आईला म्हणाला,

“वयनी, दोन्ही परत केलान हो गवंड्यानं.”

चेष्टा म्हणूनच म्हणाला तो, आणि बैल हाकत निघून गेला. आईने चिरे एका बाजूला रचले. बाबा शुद्धीत नाहीत असं आम्हाला वाटलं होतं, पण ते वाक्य त्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी ते नारळ घेऊन देवळात गेले नाहीत. शपथ घेतली नाही. खाणीवर गेले आणि संध्याकाळी नुसतेच घरी आले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आई म्हणाली, “काय बोलू नको. बघत ऱ्हा.”

दिवसभर कामात निभायचं. खरी पंचाईत दिवेलागणीची. त्या वेळेला बाबांचे पाय आपोआप गुत्त्याची वाट धरत. ते अंगणात येरझाऱ्या घालत, गडग्यावर बसत, उठत, गुरं नसलेल्या गोठ्यात जाऊन येत. हाताला काहीतरी धरायला हवं आणि घशाला काहीतरी जाळायला हवं, असं ते स्वतःच पुढे सांगायचे.

तेव्हा बाजारात चहाची गाडी आली. एका चहाच्या कंपनीने लोकांना चहाची सवय लागावी म्हणून ती फिरवली होती. वर ग्रामोफोन, खाली मोठा चकाकणारा बंब, आणि येईल त्याला फुकट कप. आमच्या घरात तोवर चहा कोणाला ताप आला तर होई, तोही गवती. बाबा चिरे पोचवून परत येताना त्या गाडीपाशी उभे राहिले ते उभेच राहिले. मी शाळेतून येत होतो, मी पाहिलं. एक कप प्यायले, रांगेतून पुन्हा फिरून आले, दुसरा प्यायले. तिसऱ्या वेळी गाडीवरचा माणूस हसून म्हणाला, पाटील, दुसऱ्यांना पण राहू दे. बाबा मला म्हणाले, “आयेला दाखवूया काय हा?” आणि गाडीवरच्या माणसाने दिलेली पुडी धोतराच्या सोग्यात बांधून घेतली.

त्या दिवशी दिवेलागणीला आमच्या चुलीवर पहिल्यांदा कोरा चहा उकळला. गूळ घालून, काळा, इतका कडक की मी तोंड वाकडं केलं. बाबांनी पितळी फुलपात्र दोन्ही हातांत धरलं आणि चटका बसत असतानाच प्यायले. मग म्हणाले, “आनखी हाय?”

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आईने पुढची कितीतरी वर्षं घालवली.

लोकांना चटक लावायलाच ती गाडी आली होती, आणि बाबांना ती अशी लागली की विचारू नका. सकाळी उठल्याबरोबर चहा. खाणीवर तीन चिरे मांडून चूल केली होती, तिच्यावर चहा. जेवायच्या आधी, जेवल्यावर, आणि दिवेलागणीला तर पुन्हा पुन्हा. एक पत्र्याची किटली त्यांनी आणली आणि ती जिथे बाबा तिथे गेली. वाडीने त्यांना किटलीवाला म्हणायला सुरुवात केली. चहा वेळेवर मिळाला नाही तर कपाळ धरून बसत, आणि तोंडातून जे निघे ते दारूच्या वेळचंच असे. पोटात जळजळ होऊ लागली, भूक मेली. आईची कुरकूर वेगळीच होती. सरपण पुरत नव्हतं, गूळ टिकत नव्हता. एकदा ती विहिरीवर बायकांना म्हणाली की पूर्वी नवरा बाहेर होता आणि घर मोकळं होतं. आता नवरा घरात आहे आणि चूल रिकामी नाही. बायका हसल्या. ती पण हसली. तिला मी असं हसताना फारसं पाहिलं नव्हतं.

वाडीचा विश्वास बसायला मात्र वेळ लागला. एकदा एका घरी माणूस गेलं. सगळी वाडी तिथे. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा चहा कुठला? बाबा थोडा वेळ बसले, मग हळूच उठून गेले. दोघा जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मागोमाग निघाले. किटलीवाला शेवटी गुत्त्यावर गेला म्हणून. त्यांना बाबा सापडले आमच्या परसात. गुडघ्यांवर बसून चुलीत फुंकर मारत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते दोघे पण एकेक फुलपात्र पिऊन परत आले. पुढे तेच दोघे रोज दिवेलागणीला आमच्या पायऱ्यांवर येऊन बसू लागले. मग आणखी एक, मग आणखी एक. शेवटी आजोबाही यायला लागले, मी आपला असाच आलो असं म्हणून.

आणि चिरे सरळ निघू लागले. एकदम नाही. पण पावसाळा सरला आणि खाण पुन्हा सुरू झाली तेव्हा गाडी रिकामी परत यायला लागली.

त्याच सुमारास शाळेत आमच्या एका मास्तरांनी दारूबंदीवर व्याख्यान दिलं. चांगलं बोलले. बोलता बोलता म्हणाले की, हल्ली चहाचं नवं व्यसन घरोघर शिरतं आहे, एक सोडून दुसरं धरलं तर मिळवलं काय? मी उठून उभा राहिलो. माझ्यासारख्या मुलाने असं उठायची तेव्हा रीत नव्हती. मी म्हणालो, “सर, चहा पिऊन माणूस आपल्या पायांनी घरी येतो.” वर्ग हसला. मास्तर म्हणाले, “बस. तुझंही बरोबर आहे.” मला आजही वाटतं की त्यांचंही बरोबर होतं. बाबांचं एक व्यसन गेलं आणि दुसरं आलं, यात खोटं काही नव्हतं. पण दोन व्यसनांत फरक असतो, आणि तो फरक घरातल्या माणसांना कळतो.

भात झोडून झालं. राखण जवळ आली. घरात त्याबद्दल कोणी बोलेना. आई कोंबड्याकडे बघत राहायची. बाबांचा चहा दुप्पट झाला. मला एवढंच कळत होतं की दोनदा इथेच गाडी उलटली आहे, आणि या वेळी उलटली तर मी मॅट्रिकला बसत नाही, चिरे वाहायला जातो.

राखणीच्या दिवशी संध्याकाळी वाडीतले पुरुष बांधावर जमले. आजोबा पुढे. बाबा आले ते एका हातात कोंबडा आणि दुसऱ्या हातात किटली घेऊन. आधी कोणाला काही वाटलं नाही. किटली काय, नेहमीचीच. मग आजोबांनी विचारलं, बाटली कुठे आहे? बाबा म्हणाले, नाही आणली.

कोणीतरी मागून म्हणालं, कोंबडा काय सुकाच गिळायचा काय? त्यावर थोडं हसणं झालं. आजोबा हसले नाहीत. त्यांनी बाबांना समजावलं की राखणदाराला जे ठरलं आहे ते ठरलं आहे, त्यात आपण बदल करायचा नसतो. बाबा ऐकून घेत होते. मग ते दगडासमोर बसले, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला लागले. बाबांनी घातलेलं तेवढं एकच गाऱ्हाणं मला पाठ आहे.

“बा राखणदारा म्हाराजा, माझ्या बापजाद्यांनी तुला दरसाल दिलान. मी पण दिली. आपण दोघांनी बसून प्यायली. मी आता सोडलेली हाय. समोर बसून तुला पाजायची आणि आपण कोरडा उठायचा, एवढा माझा मन घट नाय. म्हणून मी जा पितो ता तुला आणलंय. गूळ घातलेला हाय. राग आला तर माझ्यावर काढ. पोराबाळांकडं बघू नको.”

गाऱ्हाण्याच्या शेवटी सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. कोणी तोंड उघडलं नाही. बाबा हात जोडून तसेच बसलेले. शेवटी मी म्हणालो, “व्हय म्हाराजा.”

बाबांनी दगडावर चहाची धार धरली. गार दगडावरून वाफ निघाली. तीर्थ म्हणून त्यांनी पहिला घोट घेतला. आजोबांनी घेतला नाही. ते पाठ फिरवून निघून गेले आणि त्यांच्यामागे निम्मी वाडी गेली. कोंबडा आम्हाला दोन दिवस पुरला.

आणि चार-सहा दिवसांनी मला हिव भरलं.

कोकणात ताप काही नवा नाही. तेव्हा दरवर्षी अर्धी वाडी कुडकुडत असे. पण या वेळी तो सगळ्यांत आधी मलाच आला. विहिरीवर बायका बोलायला लागल्या. व्हय कोण म्हणाला होता? पोर म्हणाला होता. मग राखणदार दुसऱ्या कोणाकडे जाईल? आजोबांनी निरोप पाठवला की अजून वेळ गेलेली नाही, नीट राखण द्या, मी येतो.

माझी आई त्या दिवशी गुत्त्यावर गेली.

हे लिहितानाही मला थांबावं लागतं. त्या गुत्त्याने जिचं सगळं आयुष्य नासवलं होतं, जी त्या वाटेने गवताचा भारासुद्धा नेत नसे, ती भर दिवसा पदर डोळ्यांपर्यंत ओढून तिथे गेली आणि बाटली घेऊन आली. केळीच्या पानात गुंडाळलेली. घरात आणून तिने ती कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवली. मी चटईवर पडून बघत होतो. मी म्हणालो, “आये, काय केलंस गो?” ती म्हणाली, “मला तू होवा.”

बाबा जेवायला आले. पायरीवर पाय ठेवायच्या आधी त्यांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. वास आला असेल, किंवा नसेल.

“घरात हाय ती?”

“हाय.”

“मंग मी आत येत नाय,” बाबा म्हणाले, आणि पायरीवर बसले.

दुपारभर ते तिथेच बसले होते. खाणीवर परत जायचं तर वाटेत गुत्ता. आत यायचं तर डालगं. परत आलेल्या चिऱ्यांच्या त्या पायऱ्या तेवढ्या त्यांना उरल्या होत्या. चटईवरून मला त्यांची पाठ दिसत होती. ती कधी ताठ होई, कधी वाके. मधून मधून ते हात मागे करत आणि आई त्या हातात चहाचं फुलपात्र ठेवी. आई एकदा म्हणाली की पोटाला जाळील तो. बाबा म्हणाले, जाळू दे. मला ग्लानी येई, जाग येई, आणि दर वेळी मी पहिल्यांदा दाराकडे बघे. पाठ तिथेच असे. तापापेक्षा मला भीती होती ती एखाद्या वेळी डोळे उघडले आणि पायरी मोकळी दिसली तर काय याची.

दिवेलागणीला आजोबा आले. येताना फुलं, विडी सगळं घेऊन आले होते. पायरीशी थांबले. बाबा उठले नाहीत, पण वाटही अडवली नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं की काका, बाटली आत आहे, बायकोने आणली आहे, तुम्ही न्या, दगडावर तुम्ही ओता. मी तीर्थ घेणार नाही.

“घरच्यान घेतल्याबिगर पुरी होत नाय ती,” आजोबा म्हणाले. “एक घोट रे. पोरासाठी.”

आत आई हातातलं काम सोडून उभी होती. बाबांनी विचारलं तर ती घ्या म्हणेल की नको, हे तिलाही ठाऊक नव्हतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

“काका,” बाबा म्हणाले, “एक घोट म्हणून दोनदा घेतली. तुमच्याच सांगण्यावरनं. दोन्ही वेळा हा पोर पेजेवर ऱ्हायला. राखणदार पोराची राखण करतो ना? मंग पोरगा उपाशी ऱ्हायला तेवा तो कुठं होता?”

आजोबा पायरीशी उभेच होते. ते दमले होते. म्हातारं माणूस, चढ चढून आलेलं. ते सवयीने त्याच पायरीवर बसले जिथे रोज बसत, आणि बाबांनी सवयीने किटली वाकडी करून त्यांच्यापुढे फुलपात्र ठेवलं. आजोबांनी ते उचलून तोंडालाही लावलं.

“त्याला हा चालत नाय रे,” ते घोट गिळून म्हणाले. “त्याला सवय नाय.”

“तुमाला कुठं होती, काका?”

आजोबांनी फुलपात्राकडे पाहिलं. मग एकदम त्यांना हसू आलं. खोकला येईपर्यंत हसले. बाबाही हसले, आणि आत आईने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती ते मला अंधुक उजेडात दिसलं नाही. आजोबा उठले. म्हणाले, आण ती किटली. आणि दोघे बांधावर गेले. मागाहून बाबांनी सांगितलं की आजोबांनी स्वतः गाऱ्हाणं घातलं, घरचा मान नसताना घातलं, त्याबद्दल आधी राखणदाराची माफी मागितली. नवीन सवय लागायला वेळ लागतो, म्हाराजा, पोरं सांभाळून घे, असं काहीतरी म्हणाले. आणि चहाचं तीर्थ त्यांनी घेतलं. आजोबांनी घेतल्यावर वाडीला बोलायला काही उरलं नाही.

आईने डालगं उचललं, बाटली परसात नेली आणि उकिरड्यावर ओतून टाकली. बाटली धुऊन ठेवली. तिच्यात पुढे आम्ही रॉकेल ठेवत असू. बाबा बांधावरून परत आले तेव्हा ती दाराशी आली आणि म्हणाली, “या आता घरात.”

बाबा आत आले, माझ्या उशाशी बसले आणि माझ्या कपाळाला हात लावला. हात गरम होता, किटली धरून. आणि स्थिर होता.

दुसऱ्या दिवशी ते मला पाठीवर घेऊन खाली सरकारी दवाखान्यात गेले. तिथे हिवतापावरचं कोयनेल मिळालं. ताप हळूहळू गेला. तो कोयनेलने गेला की राखणदाराने नेला, यावर आमच्या घरात शेवटपर्यंत दोन मतं राहिली. आई म्हणे, दोघांनी मिळून नेला. मी बी.ए. झालो तरी मला तिचं म्हणणं खोडता आलं नाही, आणि खोडायची गरजही वाटली नाही.

मॅट्रिक झालो. काकांना कळलं तेव्हा त्यांनी मुंबईहून निरोप पाठवला की पोराला माझ्याकडे पाठवा, कॉलेजात घालू. बंदरावर आगबोटीला सोडायला बाबा आले होते, किटली घेऊन. आगबोटीकडे नेणारा पडाव सुटेपर्यंत मला पाजत होते. मला नको होता. पण मी प्यायलो. माझ्याशी दुसरं काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं.

पुढे त्यांच्या पोटाची जळजळ वाढली. डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितलं. मी सुटीत आलो की आई मला त्यांच्या मागे लावी. तुझं ऐकतील, तू शिकलेला. मी एकदा सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, “एक सोडलीय मी. तुमाला आनखी किती होवी?” आईने मग चहात गूळ जास्त आणि पत्ती कमी घालायला सुरुवात केली. बाबांना ते कळत होतं. तरी ते फुलपात्र पुढे करत.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी घरीच होतो. तार घेऊन माणूस वर आला तेव्हा बाबा खाणीवर होते. मी तिथे गेलो आणि सांगितलं. त्यांनी पहार बाजूला ठेवली, हात धोतराला पुसले आणि चुलीवर आधण ठेवलं. खाणीवरच्या सगळ्यांना चहा दिला. मग पुन्हा कामाला लागले.

बाबा त्यानंतर मरेपर्यंत दारू प्यायले नाहीत. त्यांचा चिरा पुन्हा कधी परत आला नाही. मी आमच्या वाडीतला पहिला पदवीधर झालो. आणि आमच्या मळ्याच्या बांधावर दरवर्षी राखण असते ती चहाची.